ब्रह्मा, असील घरी पाळताय? विदर्भाच्या उन्हात या चुका टाळा

अंगणात ब्रह्मा कोंबडा उभा राहिला की शेजारीण विचारतेच, "अव माय, कोंबडा हाये का बकरा?" अर्धे लोक मोठ्या जातीचे पक्षी या प्रश्नासाठीच आणतात, असं माझं मत आहे. ब्रह्मा नर ५ किलोच्या पुढे जातो, चांगला असील चार-पाच किलोचा. घोटाळा होतो तो त्यांना गावरान कोंबडीसारखं वागवल्यामुळे. गावरान चपळ असते, उकिरडा उकरून, निंबाखाली बसून दिवस काढते. या जड पक्ष्याला आधी स्वतःचंच वजन पेलायचं असतं.

सगळ्यात महागात पडते ती टिनाच्या शेडची चूक. माझा पहिला ब्रह्मा मे महिन्यात दुपारी तीनला गेला. सावली होती, पाण्याचं भांडंही भरलेलं होतं. पण टिनाखाली वारा नव्हता आणि भांड्यात बोट घातलं तर चटका बसत होता. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ वर गेला की हवाच तिच्यापेक्षा गरम. मग धापा टाकून जेवढा गारवा मिळेल तेवढाच. त्यात ब्रह्माची पिसं पायाच्या बोटांपर्यंत दाट आणि तुरा अगदी बारका, म्हणजे तुऱ्यातून जाणारी उष्णताही कमीच.

टिनावर तणसाचा जाड थर द्या, पश्चिमेच्या बाजूनं ओली पोती टांगा. दुपारी माठातलं पाणी दोनदा तरी बदला. दाणा पहाटे आणि ऊन कलल्यावर टाका, कारण भर दुपारी खाल्लेलं पचतानाही अंग तापतं. जुना कूलर पडून असेल तर लावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात, नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर तो छान चालतो. पाऊस सुरू झाला की मात्र बंद करा, दमट हवेत धापेचा उपयोग होत नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले तर पक्ष्याला पोटापर्यंत साध्या पाण्यात धरा. बर्फाच्या पाण्यात नको.

पिल्लं निघाली नाहीत की पहिला दोष अंडी उबवायच्या मशिनीला दिला जातो. आधी अंडी तपासा. पुठ्ठ्याला छिद्र पाडा, खालून मोबाईलचा टॉर्च लावा आणि अंडी उबवायला ठेवल्यापासून सातव्या दिवशी रात्री एकेक अंडं त्यावर ठेवा. जिवंत अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. अंडी एकसारखी कोरी, पिवळसर दिसत असतील तर मशीन बिचारी निर्दोष आहे, बीजच धरलेलं नाही. एका नरामागे सहा ते आठपेक्षा जास्त माद्या ठेवू नका. ब्रह्मा आणि कोचीन (अशीच दाट पिसांची मोठी जात) यांच्यात गुदद्वाराभोवतीची दाट पिसं आड येतात, ती नर-मादी दोघांचीही कात्रीनं बारीक करा. एवढ्यानंही पुष्कळदा फरक पडतो. लठ्ठ नर माद्यांवर नीट चढतच नाही, त्याचा दाणा कमी करा.

शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर बीज धरलं होतं, पण मध्येच मेलं. बहुतेक वेळा अंडी जमवण्यातच चूक झालेली असते. साधारण २१ अंशांच्या वर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो, आणि एप्रिलमध्ये आपल्या स्वयंपाकघरात काय तापमान असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अंडी घातल्यापासून सात दिवसांच्या आतच उबवायला बसवा. पंखा असलेल्या मशिनीत ३७.५ अंश तापमान लागतं, पण मशीन तापवू शकते, थंड करू शकत नाही. खोलीच ४२ वर गेली तर आतली अंडी शिजणारच. म्हणून मी दिवाळी ते होळी एवढाच हंगाम धरतो. ब्रह्मा स्वतः खुडूक होते (अंड्यांवर उबवायला बसते), पण तिच्या वजनानं अंडी फुटतात. गावरान खुडूक कोंबडीखाली आठ-नऊ अंडी ठेवा, ती २१ दिवस इमानानं बसते.

पावसाळ्यात पाय बघा. आपली काळी माती पायाच्या पिसांना चिकटते, वाळून गोळा होते आणि तो ओढला तर नखासकट निघतो. कोमट पाण्यात भिजवून सोडवा. बसायची दांडी फुटभरच उंच, रुंद आणि चपटी ठेवा. उंचावरून जड पक्षी उडी मारतो, तळव्याला काळी खपली धरते आणि आत पू होतो.

खाद्यात घाई नको. या जाती आधी हाडं वाढवतात, मांस नंतर भरतं. ब्रॉयलरचा दाणा देऊन वजन चढवलं की पाय फाकतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा चुन्याचा (जास्त कॅल्शियमचा) दाणा पिल्लांना देऊ नका, मूत्रपिंडं बिघडतात. आणि गोठ्यातली सरकी ढेप यांच्यापुढे टाकू नका, बलक हिरवट पडतो.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका: पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ ते दहा आठवड्यांत आर टू बी ही त्याच रोगाची लस टोचून घ्या. लस तालुक्याहून बर्फाच्या थर्मासातच आणा. खिशात घालून मोटारसायकलवर आणलेली लस उन्हात वाया जाते.