अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी सरकारी मदत: कुठून, किती, कशी

रात्रीची आया, डायपर, फिजिओथेरपी हा दरमहाचा खर्च एका अर्जावर भागवणारी योजना महाराष्ट्रात नाही. मदत तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि प्रत्येक तुकड्याचे कार्यालय वेगळे.

वय ७० पूर्ण असेल तर आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. घरातल्या सत्तरीपुढच्या सर्वांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार होतात. वय फक्त आधारवरून धरतात, त्यामुळे जन्मसाल चुकले असेल तर माणूस हिंडताफिरता असतानाच दुरुस्त करून घ्या. बोटांचे ठसे उमटत नसतील तर ओटीपीने किंवा चेहऱ्याने पडताळणी होते.

घरे कोलमडतात ती पुढे. हे कार्ड रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झाली तर घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात, पुढची शुश्रूषा तुमच्या खिशातून. म्हणून सुट्टी होण्याआधी डॉक्टरांकडून लेखी घ्या: रुग्ण किती काळ परावलंबी राहील, कोणती सेवा किती तास लागेल. हा कागद पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडतो.

पहिले ठिकाण तहसीलमधली संजय गांधी शाखा, म्हणजे निराधारांच्या योजना पाहणारा विभाग. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. अट म्हणजे दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. (महिन्याला पावणेदोन हजारांत कुटुंब कसे चालते, हे शासनालाच ठाऊक.) पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येतात आणि आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात. नातवाने दुसऱ्या बँकेत आजीचे खाते उघडून तिथे आधार जोडले, की जुन्या पासबुकात काहीच दिसत नाही आणि सगळे तहसीलला दोष देतात. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. उठता येत नसेल तर डॉक्टरांचा कागद जोडून घरी पडताळणीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये एकदाच मिळतात. त्यांत कमोड खुर्ची घ्यावी.

दुसरे ठिकाण प्रांत कार्यालय. मुले कमावती असून खर्च देत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तिथल्या न्यायाधिकरणात निर्वाह भत्त्याचा अर्ज करा. कमाल दरमहा १०,००० रुपये मिळू शकतात. वकील लागत नाही. ज्येष्ठांना जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. ‘मुले बघत नाहीत’ एवढेच लिहिलेले अर्ज लंगडे पडतात. आया, औषधे, डायपर यांचे आकडे वेगवेगळे मांडा, बिले जोडा, डॉक्टरांचा कागद जोडा. निकाल ९० दिवसांत अपेक्षित असतो, विशेष कारणाने आणखी ३० दिवस लागू शकतात. तोवर भागावे म्हणून अंतरिम भत्ता त्याच अर्जात मागा.

घर मुलाच्या नावे करायचे असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहा. अट असली आणि सांभाळ झाला नाही, तर याच कायद्याच्या कलम २३ खाली व्यवहार रद्द करून मागता येतो. तोंडी कबुलीवर विसंबलेली प्रकरणे अडकतात.

निर्वाह भत्त्याच्या आदेशानंतर हप्ता थकला तर वसुलीचा अर्ज तो देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करा. त्यानंतर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. कुठे काय द्यायचे हे कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मोफत आहे.