जुना मिलिटरी ट्रक घेऊन युरोपातले दुसऱ्या महायुद्धाचे बंकर बघायला निघताय?

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण बरेच लोक इथेच चुकतात. ट्रक बंकरच्या दारापर्यंत न्यायचा नसतो. सहाही चाकांना पॉवर जाणारी गाडी हातात असली की वाळूचा चढ दिसल्याबरोबर हात शिवशिवायला लागतात, मलाही होतं तसं, पण आवरायचं. बंकरच्या आजूबाजूला गवतात ज्या वाकड्यातिकड्या घळी दिसतात ते सैनिकांनी खणलेले चर आहेत, ऐंशी वर्षं ते तसेच टिकलेत आणि चार टनांवरचं धूड एकदा त्यावरून गेलं की कायमचे मोडतात. त्यात परत एखाद्या गवताळ टेकाडाखाली भुयार किंवा विटांची खोली पोकळच असू शकते. फ्रान्समध्ये तर १९९१ च्या कायद्याने रस्ता सोडून निसर्गात गाडी घालायलाच बंदी आहे, समुद्रकिनाऱ्यांवर पण बंदीच. त्यामुळे ट्रक पक्क्या रस्त्यावर उभा, शेवटचा अर्धा-एक किलोमीटर पायी.

मग ट्रक कशाला, असं कोणीही विचारेल. तर त्याच्या उंचीसाठी आणि त्याच्या संथ वेगासाठी. उघड्या केबिनमध्ये उंचावर बसून ताशी चाळीसने जाताना जमीन वाचता येते, कुठे रस्ता खोलगट होतो, कुठल्या वळणावर आपण अचानक उघडे पडतो हे अंगाला जाणवतं आणि मग समोरच्या उतारावर बघितलं की बंकर नेमका तिथेच असतो. बांधणाऱ्याने पण याच रस्त्याकडे बघून जागा निवडलेली असते. कारमधून हे कळत नाही.

गाडीचं सांगतो. मी अमेरिकन जीएमसी कंपनीच्या अडीच टनी सिक्स बाय सिक्सबद्दल (सहाच्या सहा चाकांना पॉवर) लिहितोय, तीच जिला लोक जिमी म्हणतात. १९४१ ते १९४५ मध्ये असे ५ लाखांच्या वर ट्रक बनले आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरून पुढे गेलेल्या दोस्त फौजांना पेट्रोल-दारूगोळा पोचवणारी १९४४ ची रेड बॉल एक्सप्रेस ही ट्रकांची साखळी मुख्यतः यांच्यावरच चालली. युरोपात साधं कारचं लायसन्स साडेतीन टनांपर्यंत, हा रिकामाच त्याच्या वर, म्हणजे ते कागद आधी बघा. लिटरला जेमतेम तीन किलोमीटर धरा. गावाकडच्या लहान पुलांवरचे वजनाचे बोर्ड वाचत चला.

गिअर आजच्या गाड्यांसारखे आपोआप जुळणारे, म्हणजे सिंक्रोवाले नाहीत, सगळं डबल क्लचवर. खालचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्या, परत क्लच दाबून गिअर टाका. वाचायला सोपं आहे पण उतारावर गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनावर उतरायचं. ब्रेकची लाइन सगळ्या चाकांना मिळून एकच आहे, एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. आणि ब्रेकला जो जोर मिळतो तो इंजिनाच्या व्हॅक्युमवर, त्यामुळे पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढचा ॲक्सल डांबरी रस्त्यावर जोडू नका, फक्त निसरड्या किंवा मऊ जमिनीवर.

उन्हात हळू चाललात की पेट्रोल पाइपात उकळतं आणि इंजिन खोकत खोकत बंद पडतं. पाइपाला ओलं फडकं गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, चालू होतं. सुटे भाग म्हणाल तर इग्निशनचे पॉइंट्स आणि कंडेन्सर, फॅन बेल्ट, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, आणि पुढे विंच (तारेने ओढायचं यंत्र) असेल तर तिच्या शिअर पिना, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम तुटणाऱ्या पिना, मूठभर. पिन तुटते म्हणून तिथे कडक बोल्ट ठोकणारे बघितलेत मी, असं अजिबात करू नका, पिन तुटते म्हणूनच बाकीची विंच आणि आजूबाजूची माणसं वाचतात.

आता जायचं कुठे. सुरुवात सोडून दिलेल्या जागेपासून करू नका. मॅजिनो लाइन, म्हणजे फ्रान्सने आपल्या सीमेवर बांधलेली किल्ल्यांची रांग, तिच्यातला शोननबुर्ग किंवा हॅकेनबर्ग आधी गाइडबरोबर फिरा, हॅकेनबर्गला जमिनीखाली १० किलोमीटरच्या वर भुयारी गॅलऱ्या आहेत. नॉर्मंडीत लाँग-सुर-मेरला जर्मन तोफा अजून जागेवर आहेत. व्यवस्थित ठेवलेली जागा डोक्यात बसली की मोडकळीला आलेल्या जागेत काय कुठे होतं ते आपोआप दिसायला लागतं. अटलांटिक वॉल ही जर्मनांची किनाऱ्यावरची बंकरांची रांग तर नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत ठरलेल्या नकाशांवर बांधलेली, एक प्रकार ओळखीचा झाला की तोच पुढे परत परत भेटतो. ब्रिटनचं काम वेगळं, तिकडे १९४० मध्ये घाईने बांधलेले पिलबॉक्स, म्हणजे गोळीबारासाठीचे छोटे बंकर, शेतांच्या कडेला उभे आहेत. नकाशासोबत युद्धकाळातले हवाई फोटो जरूर बघा, एडिनबरोच्या संग्रहात ते भरपूर आहेत, त्यात नागमोडी चर आणि काटेरी तारांचे पट्टे चक्क उठून दिसतात. आणि जमीन कोणाची आहे ते शोधून परवानगी घ्या. शेतकऱ्याला आधी विचारलं तर बहुतेक वेळा तोच सांगतो की आत कुठला मजला पाण्यात आहे.

पक्का रस्ताच बंकरच्या जवळून जात असेल तर ट्रक लावताना हवेच्या नळ्या बघून लावा. बंकरच्या भिंतीत किंवा छतावर हवा आत ओढायच्या नळ्या असतात, त्यांच्याजवळ इंजिन चालू ठेवलं तर धूर आत जाऊन कोंडतो. इंजिन बंद, चाकाला अडण, आणि बाहेर एक माणूस थांबलेला, ज्याला माहीत आहे की तुम्ही किती वाजता वर येणार.

आत जाताना प्रत्येकाकडे तीन दिवे, हेल्मेट, जाड तळाचे बूट. बंद पडलेल्या भुयारात ऑक्सिजनचा अलार्म देणारा मीटर हवाच. खाली बघून चाला. केबलच्या नाल्यांवरची लोखंडी झाकणं भंगारात गेलेली असतात आणि मॅजिनोच्या विहिरी ३० मीटर खोल असू शकतात. काळं स्थिर पाणी टॉर्चच्या उजेडात फरशीसारखं दिसतं, काठीने ठोकल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

जर्मन बंकरच्या दारात उभे राहिलात की एकदा थांबा आणि समोर बघा. छातीच्या उंचीवर एक चौकोनी भोक तुमच्याकडेच रोखलेलं असतं, आपल्या किल्ल्यांच्या तटातली जंगीच म्हणा, आतल्या माणसाने दारावरच्याला टिपायला ठेवलेली. दोन मीटर जाड भिंत, तिच्यावर लाकडी फळ्यांच्या रेषा जशाच्या तशा उमटलेल्या, बोट फिरवलं तर फळीतली गाठ पण लागते. छताला लोखंडी तुळया आणि मधे पत्रे, स्फोटाने सिमेंटचे तुकडे डोक्यावर पडू नयेत म्हणून, आता तेच पत्रे गंजून लोंबतात. मागच्या खोलीत एका कोपऱ्यात विटांचा पातळ चौकोन दिसला तर तो संकटकाळचा रस्ता. पलीकडे वर जाणारी अरुंद विहीर वाळूने भरलेली, विटा फोडायच्या, वाळू आत पाडायची आणि लोखंडी पायऱ्यांनी वर. एकदा मी अशा न फुटलेल्या विटांसमोर बराच वेळ बसलो होतो. तिथल्या कोणाला तो रस्ता लागलाच नाही. त्या विटांना हात लावू नका.

कुठलंही गंजकं लोखंड उचलू नका, मग ते पाइपासारखं दिसो नाहीतर बाटलीसारखं. गंज बाहेरून असतो, आतली दारू तशीच. जागा लक्षात ठेवा, आल्या पावली मागे फिरा, पोलिसांना कळवा. बाल्टिकच्या किनाऱ्यावर अंबर समजून लोकांनी खिशात टाकलेले खडे पांढऱ्या फॉस्फरसचे निघालेत, सुकले आणि अंगाची ऊब लागली की पेटतात. मेटल डिटेक्टर घरी ठेवा. वटवाघळं दिसली तर दिवा खाली करून बाहेर या, थंडीत ती झोपेत असतात, एकदा जागी झाली की साठवलेली चरबी जळून जाते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. ऑक्टोबर ते मार्च बंद भुयारात जाऊच नका.

परत आल्यावर ट्रकभोवती एक चक्कर मारा, लगेच निघू नका. परतीच्या वाटेत पहिल्या थांब्यावर सहाही हबवर तळहात ठेवून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग चाललंय, तिथेच उघडा. आणि उजेड असेपर्यंत पोचेल असाच हिशेब ठेवा, सहा व्होल्टच्या त्या दिव्यांवर अंधारात वळण नीट दिसत नाही.