दोन क्लायंट एकदमच हो म्हणाले तर?

फ्रीलान्स लिहिणाऱ्यांचं ठरलेलंच असतं, दोन महिने कोणी विचारत नाही आणि मग एकाच आठवड्यात दोघं दारात. मागच्या उन्हाळ्यात माझं हेच झालं. एक एजन्सी, शब्दाला 3 रुपये, महिन्याला 1200 शब्दांचे 8 ब्लॉग, म्हणजे 28,800. दुसरी हिंजवडीतली कंपनी, महिन्याला फिक्स 40,000. आधीचा एक क्लायंट होताच, त्यामुळे दोन्ही घेणं जमणार नव्हतं. आई म्हणाली, अगं त्यात विचार काय करतेस, चाळीस घे.

घेणारच होते, पण आधी कागदावर तास मांडले, तुम्हीही पहिलं हेच करा. ब्लॉगला रिसर्च धरून 5 तास, 8 चे 40, म्हणजे तासाला 720. हिंजवडीवाल्यांचं लिखाण 70 तासांचं, वर दर आठवड्याला एकदा ऑफिसला या, आणि कोथरूडहून हिंजवडी म्हणजे ट्रॅफिक आणि मीटिंग मिळून 5 तास गेलेच. एकूण 90 तास, तासाला 444. करेक्शन तर अजून धरलेलीच नाहीत!

मग दोघांनाही सांगितलं, गुरुवारपर्यंत कळवते. फोनवर लगेच हो म्हणू नका, आपण पुणेकर तोंडावर फटकळ पण पैशाचं बोलताना लाजतो. मेल लिहा. हिंजवडीवाल्यांना माझा असा होता: 'सर, काम आवडलं. सध्या दुसरीही ऑफर आहे. मीटिंग ऑनलाइन, प्रत्येक लेखाला दोनच वेळा करेक्शन आणि महिन्याला 48,000 असं जमत असेल तर पुढच्या सोमवारपासून सुरू करते.' दुसऱ्या क्लायंटचं नाव, आकडा सांगायचा नाही, आणि नसलेली ऑफर आहे म्हणून तर अजिबात नाही, इथे कंटेंटवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

ते 45,000 वर आले, मीटिंग ऑनलाइन झाली. आता तास 75 आणि तासाला 600. तरी एजन्सीच पुढे, हो ना? पण त्यांचं पेमेंट बिल दिल्यापासून 60 दिवसांनी, आणि कंपनीचं 7 तारखेला. माझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे (फुकट होतं, ऑनलाइन, करून टाका), आणि छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायचे असा कायदा आहे. हे एजन्सीला लिहिलं तर उत्तर आलं, आमची पॉलिसी आहे. पहिलं बिल द्यायच्या आधीच हे उत्तर, मग पुढे काय होणार ते दिसलंच. घरभाडं तर 60 दिवस थांबत नाही ना.

हातात किती येणार तेही बघा, टीडीएस, म्हणजे क्लायंट पैसे देतानाच कापतो तो आयकर, 10 टक्के कापला तर 45,000 चे 40,500 येतात, कापलेले रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात. करारात 'सर्व हक्क आमचे' असेल तर किती वर्षांसाठी ते विचारा, लिहिलंच नसेल तर कॉपीराइट कायद्याने 5 वर्षं धरतात.

नाही म्हणायचंय त्यांना त्याच दिवशी कळवा, लटकवून ठेवू नका. मी एजन्सीला एका ओळखीच्या मुलीचा नंबर दिला, ती आता तिथे लिहितेय, 60 दिवसांचं तिला आधीच सांगून ठेवलं होतं.