वाहतूक सुरक्षेत यायचंय? मग आधी रेल्वे फाटकावरचा गेटमन समजून घ्या

धामणगाव, पुलगावकडची पोरं विचारत असतात, “दादा, आपल्याकडे ना समुद्र, ना जवळ विमानतळ. सेफ्टीच्या लाइनीत यायचं कसं?” येता येतं. पण अपघातांच्या तारखा घोकून नाही. क्लासवाले त्याच विकतात, बापाचे पैसे त्यात घालू नका.

जोखीम ओळखा म्हटलं की नवखा माणूस ‘आग’, ‘टक्कर’, ‘रूळ तुटणे’ अशी यादी करतो. माझंही घोडं तिथंच अडलं होतं. ही नुसती अपघातांची नावं झाली. विचारायचं ते असं: सगळं ठीक आहे हे चालवणाऱ्याला कशावरून कळतं? आणि ते तसं नसेल, तर त्याला कोण सांगणार?

६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. दरवाजे लावणारा झोपला होता, एवढंच लोक लक्षात ठेवतात. पण दरवाजे उघडे आहेत हे दाखवणारा दिवाच कॅप्टनसमोर नव्हता. कोणी काही कळवलं नाही म्हणजे दरवाजे बंद, अशी रीत होती. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात वैमानिकानं उड्डाणाची परवानगी मिळाली असं धरून विमान धावपट्टीवर दौडवलं, ते दुसऱ्या विमानावर आदळलं, ५८३ मृत्यू. २०२३ मध्ये ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनावरच्या रेल्वे अपघातात चालकासमोर सिग्नल हिरवा होता, सांधा (गाडीचा रूळ बदलणारी जोडणी) मात्र लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे लागलेला.

आता आपलं फाटक बघा. इंटरलॉकिंग नसलेल्या, म्हणजे सिग्नलशी यंत्रानं न जोडलेल्या फाटकावर गेटमन फाटक लावतो, फोनवर स्टेशन मास्तरला प्रायव्हेट नंबर (फाटक लागल्याची खूण म्हणून द्यायचा आकडा) देतो, मास्तर तो लिहून घेतो, मगच सिग्नल. नंबर आला नाही, तर फाटक उघडंच धरायचं. झेब्रुगला नेमकं याच्या उलट चालायचं.

म्हणून गावातला एखादा रिटायर गेटमन किंवा कीमन (रोज रूळ तपासत चालणारा) गाठा. कोणत्याही मोटिव्हेशनल सरांपेक्षा तो जास्त देईल. मे महिन्याच्या उन्हात कोणत्या वळणावर त्याचा जीव टांगलेला असायचा, खडी कमी पडली की तापलेला रूळ कसा बाजूला सरकतो, ते विचारा. स्वतः रुळावर पाहणीला मात्र जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि जीव जातो.

तपास अहवाल इंग्रजीत असतात, घाबरू नका. रोज एक पान वाचा. शब्द तेच ते येतात, महिनाभरात सरावता. सुरुवात हेरल्डपासून करा. दरवाज्यांसाठी दिवा बसवा, अशी मागणी त्या कंपनीच्या दुसऱ्या एका बोटीच्या कॅप्टननं आधीच केली होती. त्याला ऑफिसातून काय उत्तरं मिळाली, ती पानं दोनदा वाचा.