बुद्धिमत्ता चाचणी सुटते ती कच्च्या कामात

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. हा हिशोब फळ्यावर मांडला की माझ्या वर्गातली पोरं धसका घेतात आणि पुढचा प्रश्न तोंडी सोडवायला बघतात. कागदावर काही काढलं तर वेळ जाईल, ही भीती. होतं उलटंच. तोंडी सोडवणारा तोच प्रश्न चार वेळा वाचतो, आकृती काढणारा एकदा. मी आधी पाचवीच्या शिष्यवृत्तीचे वर्ग घ्यायचे, आता संध्याकाळी भरतीचे घेते. दहा वर्षांचं पोर न सांगता चित्र काढतं, बावीस वर्षांच्या बाप्याला त्याची लाज वाटते. ती लाज पहिल्या दिवशी सोडा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो बैठक व्यवस्थेचा प्रश्न, म्हणून तिथूनच सुरुवात करू. हा घ्या:

सहा जण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसलेत. फिरोज बाळूच्या शेजारी आहे. ईशा दीपाच्या शेजारी आहे. अमोल दीपाच्या बरोबर समोर आहे. बाळू दीपाच्या लगेच उजवीकडे आहे. सहावा चेतन. तर अमोलच्या लगेच उजवीकडे कोण?

पहिलं वाक्य वाचून फिरोज-बाळूला कुठेतरी बसवलंत की फसलात. ‘शेजारी’ म्हणजे डावीकडेही आणि उजवीकडेही, त्यावरून जागा पक्की होत नाही. आधी सगळी वाक्यं वाचा आणि जागा पक्की करणारं वाक्य शोधा. इथं ते तिसरं. गोल काढा, त्यावर सहा खुणा करा, अमोलला खाली बसवा, दीपाला बरोबर वर. आता चौथं वाक्य: दीपाच्या उजवीकडे बाळू. दीपाचं तोंड खाली, केंद्राकडे आहे, म्हणजे तिचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. इथंच निम्मा वर्ग आपटतो. केंद्राकडे तोंड असेल तर कुणाचाही उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला, डावा घड्याळाच्या दिशेला. गोलाशेजारी एक बाण काढून त्यावर ‘उ’ लिहून ठेवा, विषय संपला. बाळू बसला. दीपाच्या एका बाजूला बाळू आलाच, तेव्हा ईशा दुसऱ्या बाजूला. बाळूच्या एका बाजूला दीपा, म्हणून फिरोज दुसऱ्या बाजूला. उरलेल्या खुणेवर चेतन, आणि ती खूण अमोलच्या उजव्या हाताला आहे. उत्तर चेतन. प्रश्नात तोंड बाहेरच्या बाजूला दिलं असेल तर बाण उलटा करायचा, बाकी काही बदलत नाही.

नातेसंबंधात कागदावर पिढ्यांच्या आडव्या ओळी आखा. आजोबांची वर, आई-वडिलांची मध्ये, आपली खाली. पुरुषाला अधिक, बाईला उणे, नवरा-बायकोत दुहेरी रेघ. नावावरून पुरुष की बाई हे ठरवायचं नाही. किरण दोन्हीकडे चालतं, आणि आमच्या जयसिंगपूर-सांगलीकडे शीतल नावाचे पुरुष गल्लोगल्ली सापडतील. प्रश्नात ‘मुलगा’, ‘पत्नी’, ‘तिचा’ असं काही स्पष्ट येईपर्यंत चिन्ह टाकू नका.

इंग्रजी पुस्तकांत ‘वाक्य शेवटून वाचा’ अशी युक्ती देतात. मराठी पेपरला ती लावू नका. ‘माझ्या आत्याच्या एकुलत्या एका भावाची मुलगी’ हे वाक्य ‘माझ्या’पासूनच सुरू होतं, सरळ क्रमानं चाला. मी, माझी आत्या, तिचा एकुलता एक भाऊ म्हणजे माझे वडील, त्यांची मुलगी म्हणजे माझी बहीण. पण बोलणारी बाई असेल तर ती मुलगी ती स्वतःही असू शकते. या ‘स्वतः’वर बरेच प्रश्न बेतलेले असतात. फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून बाई म्हणते, ‘याची आई ही माझ्या आईची एकुलती एक मुलगी.’ पोरं बहीण शोधत बसतात. आईची एकुलती एक मुलगी ती बाईच, म्हणजे फोटोतला मुलगा तिचाच. चुलता, मामा, मावशी, साडू असे शब्द आले की मधलं माणूसही ओळीवर मांडा. मामा लिहिला आणि आई लिहिलीच नाही, तर पुढच्या वाक्याला साखळी तुटते. ‘मेहुणा’ मात्र जपून वापरा, तो बायकोचा भाऊही असतो आणि बहिणीचा नवराही.

दिशांना फार वेळ देत नाही. उत्तर दिशा वर धरून फुली काढायची, पेनाचं टोक चालणाऱ्याच्या तोंडाकडे ठेवायचं आणि प्रत्येक वळणाला पेन फिरवायचं. सावलीच्या प्रश्नात आधी सूर्य मांडा. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. ती उजव्या हाताला पडली असेल तर तोंड दक्षिणेला.

विधान-निष्कर्षात शहाणपणा घरी ठेवून बसायचं. ‘सर्व आंबे दगड आहेत’ असं छापलं असेल तर त्या प्रश्नापुरते ते दगडच. ‘सर्व कवी शिक्षक आहेत. काही शिक्षक खेळाडू आहेत.’ यावरून ‘काही कवी खेळाडू आहेत’ असा निष्कर्ष निघतो का? शिक्षकांचं मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात कवींचं. खेळाडूंचं वर्तुळ शिक्षकांना छेदतं, पण कवींना शिवतं की नाही ते दिलेलंच नाही. अशा वेळी दोन आकृत्या काढा, एक शिवणारी, एक न शिवणारी. दोन्हींत खरा ठरेल तोच निष्कर्ष निघतो. इथं ‘काही कवी खेळाडू आहेत’ हे दुसरीत पडतं आणि ‘एकही कवी खेळाडू नाही’ हे पहिलीत. पण दोघांपैकी एक खरं असणारच, म्हणून ‘एकतर १ किंवा २’ हा पर्याय असेल तर तोच. ‘काही शिक्षक कवी आहेत’ हे मात्र बिनधास्त निघतं, आणि घाईत पोरं नेमकं तेच खोडतात.

दिनदर्शिकेचे प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतात, कारण त्यांत पाठांतर जवळजवळ नाही. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि १ जादा दिवस, लीप वर्षात २. महाराष्ट्राच्या स्थापनेच्या दिवशी, १ मे १९६० ला रविवार होता. तर १ मे २०१० ला कोणता वार? पन्नास वर्षांचे ५० जादा दिवस. मधल्या २९ फेब्रुवारी मोजा: १९६४ पासून २००८ पर्यंत १२. एकूण ६२. सातनं भागलं की बाकी ६. रविवारपुढे सहा वार, शनिवार. १९६० सुद्धा लीप वर्ष आहे, पण त्याची २९ फेब्रुवारी १ मेच्या आधीच होऊन गेलेली. ती धरलीत तर बेरीज ६३, बाकी शून्य आणि उत्तर रविवार. पेपर काढणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं, पर्यायांत रविवार ठेवलेला असतो. शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जायला हवा, त्यामुळे २००० लीप, १९०० नाही.

अंकमालिकेत आधी फरक काढा, फरकांत काही दिसलं नाही तर फरकांचे फरक. आकडे एकदा वर, एकदा खाली जात असतील (४, २०, ७, १७, १०, १४) तर दोन मालिका एकात गुंफलेल्या आहेत, एकाआड एक वाचा. सांकेतिक भाषेला, म्हणजे शब्दाची अक्षरं बदलून संकेत बनवतात त्या प्रश्नांना, पूर्ण एबीसीडी लिहीत बसू नका. ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढं पाठ करा, बाकी बोटावर मोजता येतं. उलट अक्षरांच्या (ए-झेड, बी-वाय अशा जोड्या) क्रमांकांची बेरीज नेहमी २७ येते.

हॉलमध्ये मालिका, सांकेतिक आणि दिशा आधी उरकून घ्या, बैठक व्यवस्था शेवटी. एका प्रश्नावर दोन मिनिटं गेली आणि आकृती पुरी झाली नाही तर खूण करून पुढं चला. पोलीस भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पेपर २ मध्येही बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात, पण तिथलं गणित वेगळं: ८० प्रश्न, २०० गुण, चुकीला पाव हिस्सा कापतात आणि पात्र व्हायला ३३ टक्के लागतात. म्हणजे ६६ गुण, एकही चूक न करता २७ प्रश्न. तिथं पोलीस भरतीच्या वेगानं धावण्यापेक्षा कोणते प्रश्न सोडून द्यायचे हे आधी ठरवा.

आणि उत्तरपत्रिकेवरची वर्तुळं प्रश्नपत्रिकेचं पान संपलं की लगेच भरा. शेवटच्या पाच मिनिटांत शंभर वर्तुळं काळी करायला घेतली की खूण करून सोडलेल्या प्रश्नापाशी ओळ सरकते आणि तिथून खालची सगळी उत्तरं एकेक घर चुकत जातात.