दहापट काम आणि साडेपाच तास

मुंबईत सीप्झ या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पहिली नोकरी लागली तेव्हा कॉलेजातून एक समजूत डोक्यात पक्की बसली होती. काही डेव्हलपर इतरांच्या दहापट काम करतात आणि ते उपजतच तसे असतात. डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो, आणि वाटेत रोज एकच विचार: आपण त्यातले नाही. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण ही समजूत मला वर्षभर नडली.

ती सुटायला लागली एका रिपोर्टमुळे. रोजच्या पेमेंटची बेरीज बँकेच्या आकड्यांशी जुळत नव्हती. दोन दिवस मी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा, बदलत होतो, अटी घालत होतो, काढत होतो. तिसऱ्या दिवशी टीममधल्या सीनियर ताई शेजारी येऊन बसल्या. कीबोर्डला हातही न लावता त्यांनी विचारलं, "चुकलेल्या नोंदी किती वाजताच्या आहेत?"

"ते पाहिलं नाही, ताई."

"मग आधी वेळेप्रमाणे लाव बघू."

लावल्या. सगळ्या नोंदी रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात होती. आपली घड्याळं त्यापुढे साडेपाच तास. रिपोर्ट वेळ न बदलता थेट तारीख उचलत होता, म्हणून पहाटेचे व्यवहार आदल्या दिवसात जात होते. दुरुस्ती एका ओळीची. वीस मिनिटांत विषय संपला, असं मला वाटलं. ताई मात्र उठल्या नाहीत. आधी त्यांनी माझ्याकडून पहाटे दोनच्या नोंदीची टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहून घेतली, मग सगळ्या कोडमध्ये तशीच तारीख आणखी कुठे काढली आहे ते शोधायला लावलं. आणखी दोन रिपोर्ट सापडले. त्यांच्याबद्दल अजून कुणाची तक्रारसुद्धा आली नव्हती.

दोन दिवस आणि वीस मिनिटं यांतला फरक टायपिंगच्या वेगाचा नव्हता. त्यांनी आधी चूक कुठे आहे आणि कुठे नाही ते पाहिलं. हे शिकता येतं, मी शिकलो.

त्या दहापटीच्या आकड्यामागची हकिकतही माहीत असलेली बरी. 1968 साली सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा अनुभवी प्रोग्रामरमध्ये चुका शोधण्याच्या वेळेत 28 पटींपर्यंत फरक निघाला. पण ही तुलना सर्वांत चांगल्याची सर्वांत कच्च्याशी होती, सरासरी माणसाशी नव्हे. शिवाय सगळ्यांचं काम एकाच प्रोग्रामिंग भाषेत नव्हतं. पुढे 1980च्या दशकात डीमार्को आणि लिस्टर यांनी अनेक कंपन्यांमधल्या प्रोग्रामरांना एकच काम दिलं. वरचा आणि खालचा यांच्यात दहापटीच्या आसपास अंतर पडलं, पण वरचा मधल्या माणसाच्या अडीचपटच होता. एकाच कंपनीतले दोघे बहुधा जवळजवळ सारखेच निघाले, आणि पुढे असलेल्यांना बसायला शांत जागा होती. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपण कुणाशेजारी बसतो आणि किती वेळ कुणी न उठवता बसू शकतो, यावर फार अवलंबून असतं.

म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: माझा कोड कोण तपासणार? "वेळ मिळेल तसं कुणीतरी" असं उत्तर आलं तर मी तरी दोनदा विचार करेन.

नोकरीला लागल्यावर पहिले काही महिने लिहिण्यापेक्षा वाचा जास्त. एखादी ओळ विचित्र वाटली की गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास उघडा, ती कधी आणि का आली ते बघा. डीबगर, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ थांबवून तपासायचं साधन, नीट शिका, एका शनिवारी होतं. अडलात तर तासाभरात विचारा, पण विचारण्याआधी तीन ओळी लिहा: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, मी काय काय तपासलं. माझे निम्मे प्रश्न तिसरी ओळ लिहिता लिहिताच सुटले. उरलेले मी ताईंकडे घेऊन गेलो, आणि त्या अजूनही पहिल्यांदा तेच विचारतात: "कधीपासून, आणि कुठल्या नोंदींना?"