बाळ पेटीत असताना: दुधाची आणि टाचेच्या रक्ताची तयारी

सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही आणा. टोपरी, दुपटी, डायपर त्यानंतर. मी सतरा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून काम करते आणि ज्यांचं बाळ पेटीत ठेवलंय त्या प्रत्येक घरच्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते. फाईल आमच्याकडे असतेच, पण बाळाला कोणत्या दिवशी काय मिळालं हे तुमच्याही हातात लिहिलेलं हवं. पोटात किती दूध गेलं, सलाईनमधून काय गेलं, रक्त चढवलं का, यावर टाचेच्या रक्ताच्या तपासणीचा, म्हणजे जन्मजात आजार लवकर ओळखण्यासाठी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन करतात त्या तपासणीचा, अर्थ ठरतो. दूध आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आमच्याकडे मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

पहिल्या पानावर जन्माची तारीख, वेळ, किती आठवडे भरले आणि ग्रॅममधलं वजन लिहा. आईचं नाव हॉस्पिटलच्या कागदांवर जसं आहे अगदी तसंच लिहा, माहेरचं असेल तर माहेरचं. बाळाचं बारसं व्हायचं असतं, त्यामुळे दुधाच्या डबीवर, तपासणीच्या कार्डावर सगळीकडे ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव एवढीच त्याची ओळख असते. जुळी असतील तर पहिलं कोण, दुसरं कोण, तेही लिहा. दोन मोबाइल नंबर द्या आणि त्यातला एक नक्की उचलला जाणारा असू द्या. रिपोर्ट येईपर्यंत माणसं गावी गेलेली असतात, नंबर बंद असतो, आणि आम्ही इकडे फोन लावत बसतो.

आता दूध. बऱ्याचदा बाळ अॅम्ब्युलन्सने आमच्याकडे येतं आणि आई सिझर होऊन दुसऱ्याच दवाखान्यात असते. तरी पहिल्या सहा तासांच्या आत, जमलं तर त्याहून आधी, तिने हाताने चीक काढायला सुरुवात करावी. दोन-चार थेंबच येतात. ‘एवढंसं काय पाठवायचं’ म्हणून ते टाकून देऊ नका, ते थेंब आम्ही बाळाच्या गालाच्या आतून लावतो. मग दिवसातून आठ-दहा वेळा, रात्री निदान एकदा उठून. पिशवीत उकळलेल्या झाकणाच्या डब्या, चिकटपट्टी, मार्कर आणि बर्फाचे पॅक ठेवलेला आइसबॉक्स हवा. प्रत्येक डबीवर नाव, तारीख, वेळ. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर तेवढाही वेळ थांबू नका. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको, आणि चोवीस तासांत आणून द्या. आईला भूक लागेल तेव्हा जेवायला द्या, आवडत असेल तर अळिवाची खीर द्या, पण तिच्याकडे ‘अजून दूध येत नाही का’ अशी विचारणा दर तासाला करू नका. हे मी आज्यांना हात जोडून सांगते.

आईचं दूध पुरत नसेल तर दूधपेढीतलं दूध मिळतं का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दान करणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध 62.5 अंशांवर तीस मिनिटं तापवलं जातं. ‘दुसरीचं दूध’ म्हणून मन कचरतं, ते मी समजू शकते, पण कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला डब्याच्या पावडरीपेक्षा ते कितीतरी चांगलं सोसतं.

प्रमाण बघून घाबरू नका. 1200 ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला दिवसभरात 12 ते 24 मिली दूध, म्हणजे दर दोन तासांनी नळीतून एक-दोन मिली. बाकीचं पोषण टीपीएनच्या सलाईनमधून जातं: साखर, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ. पचतंय असं दिसलं की दूध रोज थोडं वाढवतात, पुढे दोन तासांनी 15 मिलीपर्यंत येतं. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर दूध थांबवतात, तेव्हा ‘उपाशी ठेवू नका’ असा आग्रह धरू नका. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, जन्माचं वजन भरून यायला साधारण दोन आठवडे जातात. त्यानंतर एवढ्या बाळाचं वजन रोज 18 ग्रॅमच्या आसपास वाढलेलं आम्हाला बघायचं असतं. आकडा रोज वहीत लिहा. दीड किलोच्या आतल्या बाळाच्या दुधात फोर्टिफायरची, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी, पुडी घालतात, ती का आणि कधीपासून हे डॉक्टरांना विचारा. साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. घरातलं चांदीचं बोंडलं असेल तर उकळून आणा, त्याचं सोनं होईल. मध आणि गुटी मात्र घरीच राहू द्या.

टाचेचं रक्त घेताना शक्य असेल तर आईने जवळ थांबावं. आम्ही टाच आधी कोमट करतो, कडेला टोचतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि पुढचा थेंब जाड कागदावरच्या गोलाला एकाच बाजूने टेकवतो. थेंब पलीकडे झिरपला पाहिजे. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास सुकवतो. जिभेवर आईचं थोडं दूध दिलं की बाळ लवकर शांत होतं.

पूर्ण दिवसांच्या, बऱ्या बाळाचं रक्त 48 ते 72 तासांत घेतात. पेटीतल्या बाळाला एवढं पुरत नाही. रक्त चढवायची वेळ आली तर त्याआधी नमुना घेतला का, हे विचाराच. दात्याच्या लाल पेशी अंगात गेल्या की गॅलॅक्टोसीमिया (दुधातली साखर न पचणं), जी-सिक्स-पीडी (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची कमतरता), सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) या तपासण्यांत बाळाऐवजी दात्याचंच रक्त बोलतं. मी पूर्वी जिथे होते तिथे एका रात्री घाईत हे राहून गेलं. आई विदर्भातली, सिकलसेलची वाहक. बाळाची तपासणी चार महिने लांबली आणि ते चार महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय. टीपीएन चालू असताना अमिनो आम्लांचे आकडे खोटे वाढलेले दिसू शकतात, म्हणून कार्डावर ‘टीपीएन चालू’ असं लिहिलं का, ते बघा. कमी दिवसांच्या बाळात अॅड्रीनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या तपासणीचा आकडाही उगाच वर येतो. गॅलॅक्टोसीमियाचा रिपोर्ट खरोखरच बिघडलेला आला तर आईचंही दूध बंद करावं लागतं, पण तो निर्णय घरी घ्यायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ही तपासणी आपोआप होईल असं धरून चालू नका. गोव्यात सरकारी दवाखान्यांत 2008 पासून ती सुरू झाली, आपल्याकडे ती सगळीकडे होत नाही. पन्नास आजारांचं महागडं पॅकेज परवडत नसेल तर निदान थायरॉइडचं सोडू नका. कानांसाठी बेरा आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यांच्याही तारखा लिहून घ्या. डोळ्यांची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत, फार लहान बाळाची त्याहून आधी, मग डिस्चार्ज झालेला असो वा नसो.

राहिली अठ्ठाविसाव्या दिवसाची, टाचेचं रक्त पुन्हा द्यायची तारीख. तिच्याभोवती लाल गोल करा. कमी दिवसांच्या बाळात टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडत असेल तर वाढणारं संप्रेरक, कधी कधी उशिरा वाढतो, पहिला रिपोर्ट नॉर्मल असला तरी. नंदुरबारकडच्या एका वडिलांनी असाच गोल केला होता. बाळ पंचविसाव्या दिवशी घरी गेलं होतं, वजन छान वाढत होतं. तरी ते ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीने बाळ-बाळंतिणीला घेऊन आले. नमुन्यात टीएसएच वाढलेला निघाला, मग शिरेतल्या रक्तानेही तेच सांगितलं. गोळी लगेच सुरू झाली, रोज चुरून चमचाभर आईच्या दुधात. लोहाबरोबर ती नीट शोषली जात नाही, म्हणून वहीच्या नव्या पानावर त्यांनी माझ्यासमोर दोन वेळा लिहिल्या: सकाळी सहाला थायरॉइड, संध्याकाळी सहाला लोहाचे थेंब.